पंपांच्या पाळीवर वाजलेलं गाणं

बार्शीहून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर एक लोखंडी पेटी होती आणि वसई येईपर्यंत ती मी कोणाच्या हाती दिली नाही. एस.टी.च्या कंडक्टरने विचारलं, "काय पाव्हणं, देव नेताय का पेटीत?" मी म्हटलं, "देवच समजा. विजेचा." त्याने दोन्ही हात जोडले आणि पुढच्या सीटकडे गेला.

पेटी म्हणजे बूस्टर. कमी दाबाची वीज आत घ्यायची आणि वर चढवून बाहेर द्यायची, एवढंच तिचं काम. आपल्या वाचनालयाच्या अंकाच्या वाचकांना माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान ठाऊक आहे आणि माझा स्वभावही ठाऊक आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. ही पेटी मी स्वतः बांधली होती, तिची तार स्वतः गुंडाळली होती, आणि अशी पेटी अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरी नाही असं माझं मत होतं. मत अजूनही तेच आहे. फक्त आता मी ते हळू आवाजात सांगतो.

निमित्त झालं इनासच्या पत्राचं. इनास आणि मी पुण्याला वायरमनचा कोर्स केला, तेव्हा एका खोलीत राहत होतो. तो वसईजवळच्या गिरीज गावचा, केळीच्या बागायतदाराचा मुलगा. त्याने लिहिलं होतं, "राखेच्या बुधवारपासून आमचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू होतात. मग ना लग्न, ना नाच. म्हणून त्याआधीच्या शनिवार-रविवारी क्लबात बँड वाजतात. या वर्षी आमचाही ग्रुप आहे. गाणी आमचीच आहेत, घरच्या बोलीतली. बाबा क्लबचा सेक्रेटरी आहे. तो म्हणतो, बोलीत भांडावं आणि इंग्रजीवर नाचावं. त्याने अट घातली आहे. लोक नाचायला उठले तर ग्रुप राहील. बसून राहिले तर गिटार माळ्यावर आणि मी कायमचा बागेत. आमच्याकडे व्होल्टेज फार पडतं. काहीतरी बांधून घेऊन ये."

मला गिटार आवडत नाही. भजनाला पेटी आणि पखवाज असला की माझं भागतं. पण मित्राचं सगळं एका संध्याकाळवर टांगलेलं आणि त्याला हवी तीच वस्तू माझ्या दुकानात फळीवर बसलेली, मग घरी कसा थांबणार?

शनिवारी सकाळी वसई रोड स्टेशनबाहेर उतरलो. फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. टांगे ओळीने उभे होते आणि घोडे डुलक्या घेत होते. एका टांगेवाल्याने पेटी पाहून विचारलं, "शिलाई मशीन का?"

"नाही. क्लबात गाणी आहेत ना, त्यासाठी."

"म्हणजे गिरीजला," तो म्हणाला आणि भाड्याचं काही न बोलता मला वर घेतलं. वाटेत त्याने आपणहून माहिती दिली, "मी ख्रिश्चन नाही. पण या दोन दिवसांत घोडा त्याच रस्त्याला वळतो."

वाटेतल्या पापडी गावचं चर्च मागे पडलं आणि रस्ता बागांत शिरला. इथून पुढचं नीट कसं सांगावं हे मला आजही कळत नाही. आपण उघड्या माळावरची माणसं. डोक्यावर आभाळ नसलं की आपल्याला चुकल्यासारखं होतं. इथे आभाळच नव्हतं. वर माडांची झावळं, खाली केळीची पानं, आणि त्या दोन्हींतून गाळून आलेला हिरवा उजेड. टांग्याच्या पांढऱ्या घोड्याची पाठसुद्धा हिरवी दिसत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाटातून पाणी चाललं होतं, फार घाई नसलेलं. मधूनच एखादं बावखल (बागेतलं तळं, जे आजूबाजूच्या विहिरींचं पाणी टिकवतं) दिसे आणि त्यात माड उलटे उभे असत. मला झोप येत नव्हती, पण जागा आहे असंही वाटत नव्हतं.

इनासच्या आईने दारातच हातावर सुकेळी ठेवली (पिकलेली राजेळी केळी उन्हात सुकवून करतात, चव गुळाची आणि चिवटपणा आपल्या कातड्याच्या चपलेचा). घरात ही माणसं आपसात जी बोली बोलत, ती मला चार शब्दांपलीकडे कळेना. माझ्याशी मात्र सगळे शाळेतली मराठी बोलत, जपून, पाहुण्यांच्या कपबशीसारखी. आणखी एक गोष्ट लक्षात आली. इथे वडीलधाऱ्यांना सर्रास 'अरे तू' म्हणतात आणि त्यात अपमान कोणालाच वाटत नाही. मी दोन दिवस 'तुम्ही, तुम्ही' करत राहिलो, तर इनासच्या आईने विचारलं, "तू आमच्यावर रागावलास का?"

इनासचे वडील, पास्कोलकाका, उंच आणि कमी बोलणारे. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली.

"याने लोक नाचतात?"

"याने वीज चढते," मी म्हणालो.

"वीज चढली तर चढो. लोक बसले तर बसले." एवढं बोलून ते बागेत गेले. इनासची बहीण नतालिन, जी ग्रुपमध्ये गाते, ती त्यांच्या पाठीकडे बघून हसली. पण इनास हसला नाही. त्याच्या बोटांच्या टोकांना गिटारच्या तारांचे घट्टे होते आणि तळहाताला कुदळीचे. दोन्ही घट्टे एका हातावर किती दिवस राहतील, हाच सगळा प्रश्न होता.

दुपारी तो मला विहिरीवर घेऊन गेला. तिथे दामूकाका भेटले. सत्तरी गाठलेले, अंगात नुसती बंडी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. ते मूळचे खाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातले. लहानपणी इथे रहाट हाकायला आले आणि इथलेच झाले. आता त्यांची स्वतःची पानवेलींची बाग होती आणि विहिरीत इनासच्या वडिलांबरोबर निम्मा वाटा. रहाट केव्हाच गेला होता. त्याच्या जागी दोघांचे वेगवेगळे पंप होते आणि रहाटाचं एक मोडकं चाक फणसाला टेकून ठेवलेलं होतं.

पाणी पाळीने मिळतं हे आपल्याकडेही आहे. पण इथली पाळी म्हणजे शपथच. ती कोणी चुकवत नाही आणि कोणी मागतही नाही. अगदी नड पडली आणि एखाद्याने दुसऱ्याची पाळी मागून घेतलीच, तर त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या बागेत उतरून, स्वतःच्या हाताने पाट फोडून, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचवायचं. मजूर पाठवून चालत नाही. दामूकाकांनी मला हे एका वाक्यात सांगितलं, "पानी कोनाचा नाय, पाळीचा आहे."

पाणी सोडताना ते विहिरीजवळ उभे राहत आणि त्यांचा पुतण्या बागेच्या पार टोकाला. केळी आणि वेलींच्या गर्दीत दोघे एकमेकांना दिसत नसत. मग इकडून दामूकाका लांब सूर काढून विचारत, "पानी आलाऽऽ का?" आणि मधल्या सगळ्या हिरवळीतून, बऱ्याच वेळाने, उत्तर येई, "भरलाऽऽ!" की हे पाट बांधत आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवत. रहाटाच्या काळापासून हीच हाळी, हाच सूर.

"आमचं शेवटचं गाणं ऐकशील तेव्हा कळेल," इनास माझ्या कानात म्हणाला. "ही हाळीच आहे त्याच्यात. काकाला अजून सांगितलेलं नाही."

संध्याकाळी पाचला क्लबात गेलो. क्लब म्हणजे कौलारू लांबट हॉल, तिन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या आणि खिडक्यांना लागून बागा. एका टोकाला लाकडी मंच. भिंतीला लागून खुर्च्या. त्यांवर लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, फ्रॉक घातलेल्या पोरी आणि कडक इस्त्रीचे पुरुष. माझं मीटर लावून पाहिलं तर व्होल्टेज एकशे सत्तर, हवं दोनशे तीस. परिसरातले सगळे पंप एकाच लाइनवर, आणि ही पाळीची वेळ. मी बूस्टरचं बटण चौथ्या घरात फिरवलं. दिवे झटकन पिवळ्याचे पांढरे झाले आणि हॉलमध्ये 'आहा' असा आवाज निघाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच रुमालाने पेटी पुसली.

पहिला बँड मुंबईहून आलेला, पाच जण, निळे कोट. त्यांनी नाचाचे इंग्रजी तुकडे असे वाजवले की खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. पास्कोलकाका आपल्या पत्नीला घेऊन इतके हलके नाचले की हा माणूस दुपारी मला दरडावत होता यावर विश्वास बसेना. खिडक्यांतून केळीची पानं आत डोकावत होती. ऊन तिरपं होऊन जमिनीवर लांब पडलं होतं आणि नाचणाऱ्यांचे पाय त्या उन्हातून जाताना सोनेरी होत आणि पुन्हा साधे होत. गिटार न आवडणारा मी, पण माझाही अंगठा चपलेत ताल धरत होता. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

मग पापडीचे तिघे आले. त्यांच्यातल्या एकाच्या मामाने जहाजावरून एक कॅसेट आणली होती. ती ऐकूनऐकून त्यांनी नवा प्रकार उचलला होता, त्याला म्हणे पंक म्हणतात. नियम असे की सूर तीनच वापरायचे, ते धावत वाजवायचे आणि शर्ट फाटका हवा. दोघांचे शर्ट फाटके होते, ठिकठिकाणी सेफ्टी पिना लावलेल्या. तिसऱ्याचा शर्ट दुपारी त्याच्या आईच्या हाती लागला होता. माझा मुलगा क्लबात लक्तरं घालून जाणार नाही, असं म्हणून तिने तो शिवून, ठिगळ लावून, इस्त्री करून दिला होता. तो पोरगा त्या नीटनेटक्या शर्टात जीव खाऊन ओरडत होता आणि समोरच्या खुर्चीत त्याची आई कौतुकाने मान डोलवत होती. त्या आवाजाने आधी माझं डोकं उठलं, मग मला हसू आलं, आणि शेवटी वाटलं, त्यांच्या वयात आपणही एकदा असं ओरडायला हवं होतं.

त्यांच्या ऐन गाण्यात दिवे दचकले. त्यांच्यातल्या एकाचा विजेवरचा ऑर्गन घसरला आणि सूर ओघळत खाली आला. क्लबाला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात मोठा पंप दामूकाकांचा. त्यांची पाळी सुरू झाली होती. पंप सुरू होतानाचा झटका माझ्या पेटीलाही पेलवत नव्हता.

क्लबातून थेट आम्ही त्यांच्याकडे गेलो. इनासने पाळी मागितली. असं मागणं त्याला किती जड जात होतं ते दिसत होतं. "काका, उद्या तुझी पाळी साडेचारची आणि आमचं गाणंही तेव्हाच. तुझा पंप तासभर नंतर लाव. सोमवारी सकाळी मी तुझ्या बागेत उतरतो."

दामूकाकांनी बराच वेळ पाय धुतले. मग म्हणाले, "दिली."

"आणि तू ऐकायला ये. शेवटचं गाणं तुझं आहे."

"क्लबात? मी?" म्हातारा घाबरलाच. "साठ वर्सं बाजूला ऱ्हातोय, उंबरा नाय चढलो."

"कोणी अडवलं होतं का?"

"अडवला कोनी नाय. बोलावला पन कोनी नाय."

 घरी जाताना इनास एवढंच म्हणाला की उद्या लोक उठोत न उठोत, काका यायला हवा.

रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाली. मी बाहेर आंब्याखाली बसून मोहोराचा वास घेत होतो. लोक बाहेर पडले तेव्हा त्यांच्यात काहीतरी कुजबुज चालली होती. 'दामूने पाळी दिली' हे वाक्य मला तीनदा ऐकू आलं. मला त्याचा अर्थ कळला नाही. कळला असता तर हे प्रवासवर्णन इथेच संपलं असतं. दुपारी फुगे (ताडीने फुगवलेले पिठाचे गोळे, तळलेले) इतके खाल्ले की अंगणातल्या बाजेवर डोळा लागला. आत नतालिन गुणगुणत होती, कुठे पंप चालू होता, आणि दोन्ही आवाज झोपेत एकमेकांत मिसळून गेले. इतकी शांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

साडेचारला हॉल गच्च भरला होता. दामूकाका आले. पांढरंशुभ्र धोतर, कोट, आणि पाय घासून घासून लाल केलेले. त्यांनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, देवळात लावावा तसा. पास्कोलकाकांनी उठून आपली खुर्ची त्यांना दिली. मी बूस्टरचं बटण कालच्याच चौथ्या घरात ठेवलं आणि, हीच माझी घोडचूक, मीटरजवळ न थांबता ऐटीत पुढच्या रांगेत जाऊन बसलो. आपलं काम चोख आहे असं वाटणाऱ्या माणसाला पुढची रांग फार आवडते.

नतालिनने तोंड उघडलं. दोन ओळी झाल्या. दिवे पांढऱ्याचे निळसर झाले, एक बल्ब फट्कन फुटला, मोठ्या ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला आणि सगळं शांत झालं.

धावत जाऊन मीटर पाहिलं. लाइनवरच दोनशे सत्तर होते. माझ्या पेटीने ते चढवून साडेतीनशेच्या पुढे नेले होते! एवढी वीज आली कुठून, हे मला कळेना. मग कान दिले. बाहेर एकही पंप चालू नव्हता. दामूने पाळी दिली म्हटल्यावर आपण कसे मागे राहणार, म्हणून गिरीजच्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक बागायतदाराने, एकमेकांना न सांगता, आपापला पंप बंद करून ठेवला होता आणि सगळे हॉलमध्ये येऊन बसले होते. पडत्या व्होल्टेजसाठी वीज मंडळाने आधीच वाढवून ठेवलेली लाइन, पंपांचं ओझं उतरताच उसळली होती. सगळ्या गावाने एका मुलासाठी चांगलं केलं आणि त्या चांगुलपणाने त्याचं यंत्र जाळलं.

इनासने विचारलं, "आता?"

पापडीच्या पोरांनी आपला ॲम्प्लिफायर पुढे केला. पण तोही दोनशे सत्तरवर जळाला असता. माझ्या पेटीला चढवणं ठाऊक, उतरवणं नाही. मला रडू येईल की काय असं वाटलं. शेवटी मीच मंचावर चढलो आणि ओरडलो, "पंप चालू करा! सगळ्यांनी! पंप चालले तरच गाणं होईल!"

क्षणभर कोणाला समजेना. मग बागायतदार उठू लागले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. ज्यांच्यासाठी, ज्यांच्या बोलीत ही गाणी होती, तीच माणसं हॉलमधून बाहेर चालली होती. पापडीचे तिघे सायकली काढून लांबच्या वाड्यांकडे सुटले. फाटके शर्ट वाऱ्यावर उडवत, "पंप लावा" ओरडत गेले, आणि ठिगळवाला सगळ्यांच्या पुढे. पास्कोलकाकाही उठले. इनासने त्यांचा हात धरला, "बाबा, तू कुठे?"

"माझाही पंप बंद आहे," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "सकाळपासून." आणि भराभर निघून गेले.

दामूकाका सगळ्यांत शेवटी उठले. खुर्चीत जेमतेम दहा मिनिटं बसले असतील. कोट काढून त्यांनी नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "मोठा पंप माजा. मी नाय गेलो तर कसा होनार?" साठ वर्षांनी उंबरा चढलेला माणूस माझ्या पेटीपायी पुन्हा खाली उतरला. याची लाज मला आजही वाटते.

मी मीटरपुढे बसलो. दोनशे सत्तर. मग काटा थरथरला, दोनशे बासष्ट. कोणाचा तरी पंप लागला. दोनशे पंचावन्न. आणखी एक. बाहेर हिरवळीत आता कुठे जवळून, कुठे दुरून एकेक आवाज जागा होत होता आणि इथे काटा एकेक घर उतरत होता. त्या काट्यात मला सगळ्या बागा दिसत होत्या, पाट भरताना दिसत होते. दामूकाकांचा पंप लागला तेव्हा काटा एकदम खाली आला आणि दोनशे तीसवर येऊन उभा राहिला. लांबच्या काही वाड्यांचे पंप बंदच राहिले, म्हणून तो कालच्या एकशे सत्तरपर्यंत घसरला नाही. मी माझी पेटी बंद केली, तार सरळ जोडली आणि इनासला हात केला.

हॉल निम्मा रिकामा. राहिलेली बहुतेक पोरं, शहरी नाचाला सरावलेली, आणि काही म्हाताऱ्या. पहिल्या तीन गाण्यांना कोणी उठलं नाही. ऐकत होते, पण बसून. इनासची मान खाली खाली जात होती. वडिलांची अट मला आठवत होती आणि वडील अट पाहायलाही तिथे नव्हते.

चौथं गाणं सुरू झालं. ड्रमचा ताल रहाटाचा, थांबत थांबत फिरणारा. कडवं झालं आणि नतालिनने तो लांब सूर काढला, "पानी आलाऽऽ का?" इथे इनासने उत्तर म्हणायचं होतं. पण तो मान खाली घालून तारांकडेच बघत राहिला आणि त्याची ओळ निघून गेली. ताल पुढे गेला. दुसरं कडवं झालं. नतालिनने पुन्हा विचारलं, खिडक्यांकडे तोंड करून, "पानी आलाऽऽ का?"

आणि बागेतून उत्तर आलं, "भरलाऽऽ!"

दामूकाका. विहिरीवरून. हॉलमध्ये एक म्हातारी फस्सकन हसली. तिसऱ्या वेळी दोन बाजूंनी आलं, "भरलाऽऽ!" मग शेजारच्या गास गावच्या वाटेकडून कोणीतरी, मग आणखी लांबून, इतक्या लांबून की ते उत्तर होतं की मला भास झाला, सांगता येत नाही. लाल लुगड्यातली ती म्हातारी उठली आणि तिने शेजारणीला हाताला धरून ओढलं. मग पोरी उठल्या. मग सगळेच. एवढ्यात अगदी खिडकीला लागून, केळीआडून, एक जाड, न सरावलेला, बेसूर आवाज आला, "भरलाऽऽ!"

नतालिन गाता गाता थांबली. "बाबा!" ती माइकमध्येच म्हणाली.

इनासने मान वर केली आणि गिटार अशी वाजवली की माझ्या डोळ्यांपुढचा काटा धूसर झाला. गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत लोक नाचत होते, आणि बागा उत्तरं देत होत्या.

पास्कोलकाका आले तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. पाय चिखलाने भरलेले. मुलाला न विचारता त्यांनी मला विचारलं, "तू बाहेरचा आहेस. खरं सांग. उठले लोक?"

"सगळे उठले," मी म्हणालो. "तुम्ही हाळी दिलीत तेव्हा तर कोणीच बसलेलं नव्हतं."

त्यांनी चिखल झटकला. "इंग्रजी बँडला पुढच्या वर्षी शनिवार देऊ," ते म्हणाले. "रविवार यांचा."

सोमवारी पहाटे इनास आणि मी दामूकाकांच्या बागेत उतरलो. खरं तर त्यांचा पंप चालला होता, पाणी मिळालं होतं. पण मागितलेली पाळी ती मागितलेलीच. इनास पाट फोडत होता. मला पार टोकाच्या वाफ्याशी उभं केलं होतं. नतालिन विहिरीच्या काठावर बसली आणि दामूकाकांना जे हॉलमध्ये ऐकायला मिळालं नव्हतं ते सगळं गाणं तिने बिनविजेचं म्हणून दाखवलं. धुकं होतं. पानवेलींतून तिचा आवाज माझ्यापर्यंत ओला होऊन येत होता. मी ऐकत राहिलो आणि पायाशी पाणी आलेलं मला कळलंच नाही.

"पानी आला का?" गाण्यातलं नव्हे, खरं.

मी गाणंच ऐकत होतो.

"अरे बूस्टरवाल्या! आलाऽऽ का?"

वाफा भरून वेलींच्या मुळांवरून वाहत होता. घशातून आवाज काढताना मला फार लाजल्यासारखं झालं, परक्याच्या घरात गावं तसं. पण ओरडलो, "भरलाऽऽ!" पलीकडून म्हाताऱ्याचं हसणं आणि पाट बांधल्याचा कुदळीचा आवाज आला.

परत येताना पेटी मी कंडक्टरच्या हवाली केली. मांडी मोकळी ठेवून खिडकीतून बाहेर पाहत बसलो. झाडं कमी होत गेली, आभाळ परत आलं, आणि पहिल्यांदाच ते मला जरा जास्त वाटलं. मी नेहमी समजत आलो की चांगलं काम म्हणजे एकट्याने तार गुंडाळून आणलेलं काम. गिरीजला पाहिलं की एका माणसाचा सूर टिकायला पंचवीस बागांत कोणीतरी पंपाशी उभं असावं लागतं, आणि हाळी दिली तर पलीकडे कोणीतरी असावं लागतं.

घरी पोचलो त्या पहाटेच नळाला पाणी आलं. तासभरच येतं, तुम्हाला माहीतच आहे. बादली नळाखाली धरून मी अर्धवट झोपेत उभा होतो. बादली काठोकाठ भरली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भरलाऽऽ!"

शेजारच्या खिडकीत दिवा लागला. मी शरमून उभा राहिलो. आणि आतून, झोपाळू आवाजात, बायको म्हणाली, "भरली ना? मग दुसरी लावा की. मी आहे इकडं हंड्याशी."